ऊस लागवड: दोन डोळ्यांची टिपरी की रोपं?

टिपरीचं, म्हणजे कोंब फुटणारे दोन डोळे असलेल्या उसाच्या तुकड्याचं बेणं स्वस्त वाटतं, पण एकरी साधारण 10 हजार टिपऱ्या लागतात, म्हणजे अडीच टनांच्या आसपास ऊस मातीत जातो. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावलं तर एकरी 4,356 रोपं पुरतात. रोपाची किंमत काढताना हा वाचलेला ऊस हिशेबात धरावाच.

खरा फरक उगवणीत पडतो. ‘सुरू’ नावाच्या लागण हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टिपरीचा डोळा रेंगाळतो आणि तेवढ्यात तण वर येतं. रोपवाटिकेतलं रोप पहिला महिना ट्रेमध्येच काढतं, त्यामुळे रानातली खुरपणी आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात.

टिपरीच लावायची असेल तर बेणं 9 ते 11 महिन्यांचं, बेणेमळ्यातलंच (खास बेण्यासाठी वाढवलेल्या उसातलंच) घ्या. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून टिपऱ्या दहा मिनिटं बुडवा. लावताना डोळे बाजूला ठेवा. भारी रानात ओली लागण (सरीत पाणी सोडून केलेली) करताना टिपरी पायाने खोल दाबली की डोळा कुजतो.

रोपांत घात होतो तो वयामुळे. दीड महिन्यापुढचं रोप ट्रेमधून उपसून बघा: मुळ्या कोकोपीटभोवती (ट्रेमधल्या नारळाच्या भुश्याभोवती) गच्च गुंडाळलेल्या दिसतील. असं रोप रानात लवकर धरत नाही. आधी सरी ओलवा, मग लावा आणि मुळांचा गड्डा मातीने पुरता झाका. उघडं कोकोपीट वाऱ्याने सुकतं.

पाणी बेताचं आणि ठिबक असेल तर आम्ही रोपंच सांगू. घरचं निरोगी बेणं असेल, आडसालीची (पावसाळ्यातली) लागण असेल, तर टिपरी चालते. मात्र नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला थोडी रोपं तेव्हाच तयार ठेवा.