दोन चाकी ट्रॉली की चार चाकी? ४५ एचपीच्या ट्रॅक्टरसाठी

ट्रॉली घेताना जो तो "किती टन ओढेल?" एवढंच विचारतो. किती टन थांबवेल, हे आधी विचारा. ४५ एचपीचा ट्रॅक्टर सपाट डांबरी रस्त्यावर भरलेली ट्रॉली आरामात ओढतो. पण त्याचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास, ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात.

दोन चाकी ट्रॉलीचं थोडं ओझं हुकावर येतं, म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. रावेर-यावलकडे पावसानंतर काळ्या मातीतून केळीचे घड बाहेर काढायला हीच बरी. बांधावर रिव्हर्सही सोपा. मात्र माल सारखा भरायला हवा. सगळा पुढे रचला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग ऐकत नाही. मागे रचला तर हुक वर उचलला जातो आणि ब्रेक दाबला तरी मागची चाकं घसरतात.

चार चाकी ट्रॉली माल स्वतःच्या चाकांवर पेलते. मका घेऊन लांबच्या मार्केट यार्डाला जायचं तर ती स्थिर चालते. रिव्हर्सला मात्र हात बसावा लागतो. शिवाय ट्रॅक्टरवर जादा वजन येत नाही आणि माल जास्त बसतो, त्यामुळे उतारावर धोका हिचाच मोठा.

हिशोब करून पाहा. ट्रॅक्टर दोन टन, रिकामी ट्रॉली दीड, माल पाच: एकूण साडेआठ टन. वीस मीटरला एक मीटर उतार असला तरी सुमारे ४२५ किलोचा जोर सगळ्या जोडीला सतत खाली खेचतो. चांदसैली, तोरणमाळच्या घाटात उतार याहून तिखट. तिथे ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल कधीच नको.

शेत ते गाव एवढंच काम असेल तर दोन चाकी घ्या आणि तीन टनांवर थांबा. रोज हायवे असेल तर चार चाकी, पण ब्रेकवालीच. त्यासाठी जास्त पैसे गेले तरी द्या. ३५ एचपीच्या हलक्या ट्रॅक्टरमागे भरलेली चार चाकी मी तरी लावणार नाही. कापूस वजनाला हलका, पण उंच रचला की वळणावर ट्रॉली कलते.

सौदा करण्याआधी ट्रॉलीच्या आरसीवरचं भरलेलं वजन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. रस्त्यावर निघताना डाव्या-उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक करा, म्हणजे ती एकत्रच दाबली जातील, हुकाच्या पिनला क्लिप लावा आणि मागे रिफ्लेक्टर असू द्या.