चौल, रेवदंडा, कोर्लई : दोन राजवटींच्या मधल्या गावांची अभ्यासफेरी

अलिबागहून दक्षिणेला चौल, रेवदंडा आणि कोर्लई अशी ही सहा तासांची फेरी. मध्ययुगीन दख्खनवर काम केलेले एक निवृत्त प्राध्यापक ती घेतात. किल्ले दाखवणारे वाटाडे अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, पुष्कळ मिळतील, पण सीमेवर राहणाऱ्या माणसांचा संसार कसा चालत असेल हे धरून चालणारी फेरी दुर्मीळ आहे. ज्यांना इतिहासाची खरी आवड आहे त्यांनी ही नक्की करावी.

सोळाव्या शतकात इथे दोन चौल होती. वरचं अहमदनगरच्या निजामशाहीचं आणि खाडीच्या मुखावरचं, म्हणजे आजचं रेवदंडा, पोर्तुगीज फिरंग्यांचं. मधलं अंतर पायी जेमतेम तासाभराचं. फेरी वरच्या चौलच्या हमामखान्यापाशी सुरू होते, ही तिची सगळ्यांत मोठी जमेची बाजू. थेट रेवदंड्याच्या तटाशी उतरणारा माणूस चौल म्हणजे पोर्तुगीज एवढंच घेऊन परततो. बंदर त्यांच्या कितीतरी आधीचं. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास चौललाच उतरला, तेव्हा अंमल बहमनी होता.

१५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला. का दिला, याचं उत्तर प्राध्यापक घोड्यांपासून सुरू करतात. घाटावरच्या फौजेला लागणारे घोडे समुद्रावरून येत, आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, चाले. तो नसला की जहाज आणि माल दोन्ही जाई. त्यामुळे निजामशाहीच्या स्वतःच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. शत्रू आणि गिऱ्हाईक अशी दोन्ही नाती एकाच खाडीत कशी नांदत होती, हे इतक्या सोप्या रीतीने सांगितलेलं फार क्वचित ऐकायला मिळतं.

१५७०-७१च्या वेढ्यावर मात्र फेरी घसरते. मुर्तझा निजामशहाने चौलला आणि त्याच सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाने पोर्तुगीजांच्याच गोव्याला वेढा घातला, दोन्ही वेढे फसले, १५७१मध्ये तह झाला. तोफा आणि मोर्चे यांवर पाऊण तास जातो, तहाला दोन मिनिटं. इतक्या मोठ्या लढाईनंतर हाच व्यापार पुन्हा कसा सुरू झाला, याला तो पाऊण तास द्यायला हवा होता. १५९४चं कोर्लईही असंच घाईत उरकतं: निजामशाहीने समोरच्या टेकडीवर किल्ला उभारायला घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी तो घेतला, एवढंच कानावर पडतं.

सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत पोर्तुगीज आणि फारसी उतारे समोरासमोर छापले आहेत. कल्पना उत्तम. पण फिरिश्ता या फारसी इतिहासकाराचे उतारे ब्रिग्जच्या १८२९च्या इंग्रजी भाषांतरावरून मराठीत आणलेत आणि ते भाषांतर अनेक ठिकाणी सैल आहे. तिथे निदान तळटीप हवी. शिवाय फिरिश्ता विजापुरी आश्रयाने लिहीत होता आणि तबातबा हा दुसरा फारसी इतिहासकार अहमदनगरच्या बुऱ्हाण दुसरा याच्यासाठी. दोघांचीही नजर घाटावरून खाली बघणारी. चौलचे रेशीम विणणारे, दलाल, दुभाषे त्यात जवळजवळ दिसत नाहीत. ही उणीव स्रोतांची आहे हे पुस्तिकेने उघड सांगायला हवं.

रेवदंड्यात सातखणी मनोरा एरवी टेहळणीचा म्हणून दाखवला जातो. तो फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचा घंटामनोरा, हे या फेरीत नीट समजावून देतात. किल्ल्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या खासगी आहेत, विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

समुद्राकडचा तट बाहेरून पाहायचा तर ओहोटी हवी, आणि गडबड होते ती इथेच. तारखा शनिवार-रविवार बघून ठरतात, तिथी कुणी बघत नाही. हिशेब साधा आहे: तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सकाळी नऊला वाळू मोकळी. तृतीया ते पंचमी सकाळच्या फेरीला उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सहाच्या आसपास. दहाला पोचलात तर पाणी चढत असतं आणि तट लांबूनच बघावा लागतो.

कोर्लईला दीपगृहाकडून पायऱ्यांनी चढायचं. सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी धरा. खालच्या गावातले ख्रिस्ती लोक 'नौ लिंग' बोलतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी. १७४०मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज अंमल संपला, बोली राहिली. सगळ्या फेरीत सीमेचा इतका जिवंत पुरावा दुसरा नाही, आणि त्याला केवळ दहा मिनिटं मिळतात. घरांपुढे थांबून माणसांना बोलून दाखवायला लावत नाहीत, हे मात्र फार चांगलं.

नाव नोंदवतानाच तिथी विचारा. अष्टमी-नवमीला ओहोटी बारा-एकला येते. त्या दिवशी चौलनंतर आधी कोर्लई आणि मग तट असा क्रम मागून घ्या. सुरुवात मात्र वरच्या चौललाच होऊ द्या.