पाचगणीच्या बोर्डिंगचा नऊ महिन्यांचा अनुभव : आधी लॉन्ड्री बघा, मग ग्राउंड

हे लिहायला घेतलं होतं ऑगस्टमध्ये, मुलाला सुट्टीत घरी आणल्यावर, आणि तेव्हा इतका तापलेलो होतो की अर्धवट राहिलं तेच बरं झालं. आता मार्च आलाय, पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता भरायची तारीख जवळ आलीये आणि ओळखीतले तीन-चार जण विचारतायत की कशी आहे शाळा, टाकू का आमच्या पोराला. म्हणून नीट लिहितो. शाळेचं नाव देत नाही, माझं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाहीये, आणि तसंही यातलं बरंचसं घाटावरच्या कुठल्याही बोर्डिंगला लागू पडेल.

बोर्डिंगच का, तर आम्ही दोघंही नोकरीला, मी चाकणला शिफ्टमध्ये, राहायला सिंहगड रोडला, पोरगं शाळेतून आलं की रात्रीपर्यंत आजी आणि मोबाईल. पाचवीत असताना नवोदय आणि सैनिक स्कूल दोन्हीचे फॉर्म भरले होते. नवोदयला ८० प्रश्न, १०० मार्क, दोन तास, आणि सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. जिल्ह्याची शाळा शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला, त्यात निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, जे योग्यच आहे, पण मग शहरातल्या पोरांसाठी उरतात किती. सातारच्या सैनिक स्कूलसाठी (१९६१ ची, देशातली पहिली) पेपर ३०० मार्कांचा आणि त्यातले १५० एकट्या गणिताचे, तिथेच आमचं घोडं अडलं. दोन्हीकडे नंबर लागला नाही. मग प्रायव्हेट.

प्रायव्हेटची प्रोसेस सगळ्यांना माहितीये, फॉर्मचे पैसे परत मिळत नाहीत, इंग्रजी-गणिताची लेखी, मुलाशी गप्पा, आपल्याशी गप्पा, मग जन्मदाखला, आधार, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला), लसीकरणाचं कार्ड, फिटनेस सर्टिफिकेट. फक्त दोन गोष्टी सांगतो. एक, जुन्या शाळेत जाऊन यूडायसवरचं (शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीतलं) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय का ते एलसी काढायच्या आधी बघा, आमच्याकडे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं, त्यापायी तीन हेलपाटे झाले आणि माझ्या तीन अर्ध्या रजा गेल्या. दुसरं, जुनी टॅक्स रिजीम घेत असाल तर टॅक्सच्या सवलतीत फक्त ट्यूशन फी धरतात, हॉस्टेल आणि मेसचे पैसे नाही, त्यामुळे पावतीवर आकडे वेगवेगळे मागून घ्या. आम्हाला आधी एकच गठ्ठा आकडा लिहून दिला होता, बदलून घ्यायला महिना गेला.

आता मुद्द्याचं. कपडे.

ॲडमिशन झाली की कपड्यांची यादी येते, आणि प्रत्येक कपड्यावर मुलाचा लॉन्ड्री नंबर शिवून पाठवायचा असतो. आमचा नंबर २१४. रविवार पेठेतून पत्र्याची ट्रंक आणली, तिथूनच पांढरी पट्टी आणि लाल दोरा, आणि माझ्या आईने आठ दिवस बसून ७१ नंबर शिवले. मोज्यांचे आठ जोड म्हणजे सोळा मोजे, प्रत्येकाला आतल्या बाजूने, इलॅस्टिकच्या खाली, आणि दोरा थोडा सैल सोडून, म्हणजे पायात घालताना मोजा ताणला तरी टाका तुटणार नाही. हे कोणी शिकवलं नव्हतं तिला, तिने स्वतःच्या हातावर मोजा चढवून बघितला आणि पहिले चार उसवून परत शिवले. ऑगस्टमध्ये ट्रंक उघडली तर सोळातले सहा मोजे आमचे, त्यातही दोन वेगवेगळ्या जोडातले, तीन मोजे दुसऱ्यांच्या नंबरचे, आणि पांढरे म्हणून काही उरलंच नव्हतं, घाटावरच्या त्या लाल मातीने सगळे विटकरी. आई काही बोलली नाही, नुसती नंबर चाचपत बसली, आणि मला ते जास्त लागलं.

पण मोजे हरवले म्हणून मी एवढा भडकलो नव्हतो. जुलैपासून पोरगं रविवारच्या फोनवर सांगत होतं, बाबा मांडीला खाजतंय. फोन दहा मिनिटांचा, मागे लाईन, मी म्हटलं सिक रूममध्ये दाखव. तिथून ट्यूब मिळाली, चार दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट पसरलं. ऑगस्टमध्ये घरी आणल्यावर इकडे स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एका नजरेत सांगितलं नायटा आहे, आणि ट्यूब बघून त्या चिडल्याच. तीन औषधं एकत्र केलेली ट्यूब होती, त्यात स्टिरॉईड. स्टिरॉईडने खाज थांबते पण बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं, आणि असे पेशंट त्या रोज बघतात म्हणाल्या. कारण विचारलं तर एकच, दमट कपडे. आतले कपडे पूर्ण वाळलेले नसताना घातले, दिवसभर पळापळ, घाम, परत तेच. गोळ्या, साधं बुरशीचं क्रीम, आणि दिसायचं बंद झालं तरी त्या सांगतील तोवर लावत राहायचं. बिल बाजूला ठेवा, अकरा वर्षांचं पोर सहा आठवडे लाजेने कोणाला काही न सांगता कुढत होतं.

आणि शाळा लॉन्ड्रीचे वर्षाला अकरा हजार घेते. वेगळे. मी मेल टाकला, उत्तर आलं की लॉन्ड्री बाहेर दिलेली आहे आणि पावसाळ्यात ‘थोडा विलंब’ होतो. विलंबाचा प्रश्नच नव्हता, कपडे तर वेळेवर ओलेच परत येत होते! दुसरा मेल, तिसरा मेल, मग फोटो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये विषय मांडला. तिथे कळलं अजून पाच पोरांना तेच झालंय, पाचही आईबापांना वाटत होतं आपल्याच पोराचा निष्काळजीपणा.

सप्टेंबरच्या व्हिजिटिंग डेला मी ग्राउंड, लॅब काही न बघता थेट कपडे वाळवायची जागा दाखवा म्हटलं. का-कू झाली, पण नेलं. पत्र्याची लांब शेड, तीन बाजू बंद, दोऱ्यांवर कपड्यावर कपडा, एक पंखा, आणि दोन ड्रायरपैकी एक जूनपासून बंद. आत शिरल्या शिरल्या कुबट वास. तिथे डॉर्मच्या मावशी खाली बसून मोज्यांचा ढीग नंबर बघून लावत होत्या, जिथे शाई पुसलीये तिथे उजेडाकडे धरून. मी जरा आवाज चढवूनच विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, एका टायमाला पाचशे-सहाशे मोजे येत्यात. पाऊस बघताय न्हवं? ऊन कुठनं आणू मी?” आणि आईने शिवलेला एक २१४ ढिगातून काढून हातात दिला, म्हणाल्या, असं शिवलेलं असलं की सापडतं, पेननं लिहिलेलं दोन धुण्यात जातं. मी तिथे जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो नाही. मावशींची चूक नव्हती. चूक पैसे घेऊन ड्रायर दुरुस्त न करणाऱ्यांची होती.

ऑक्टोबरात ड्रायर दुरुस्त झाला, आणि दिवाळीनंतर प्रत्येक मुलाला नंबर घातलेली जाळीची पिशवी दिली, मोजे आणि आतले कपडे त्या पिशवीतच धुवायचे, पिशवीतच वाळवायचे. पिशवी बाहेर १२० रुपयाला मिळते. एवढ्यासाठी अख्खा पावसाळा गेला. पण फरक पडला हे मान्य करतो, फेब्रुवारीत मोजले तर नवीन आठ जोडांतले सात पूर्ण घरी आले. नायटा परत नाही. अर्थात तेव्हा थंडी होती, पाचगणीचा खरा पेपर जुलैमध्ये, त्यामुळे पूर्ण मार्क आत्ताच देत नाही. सिक रूममधल्या त्या ट्यूबबद्दल लेखी उत्तर अजून आलेलं नाही, ते मी सोडणार नाही.

बाकी? मेस बरी, पोळ्या गार असतात. अभ्यास संध्याकाळच्या प्रेपमध्ये (सगळ्यांना एकत्र अभ्यासाला बसवतात तो तास) होतो, गणित सुधारलंय. टकचा (घरून दिलेल्या खाऊचा) डबा आठवड्यात संपतो कारण सगळे वाटून खातात, ते मला आवडलं. जायला स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी सरळ पाचगणीला सोडते, गाडीने गेलं तर टोल एकच, खेड शिवापूरचा, पुढे सुरूर फाट्याला आत वळून वाई.

जे अपेक्षितच नव्हतं ते म्हणजे पत्रं. दर रविवारी मुलांना घरी पत्र लिहायला बसवतात. पहिली दोन आली ती इंग्रजीत, तीन ओळींची, आणि सगळ्यांची सारखीच असणार अशी. मग आईने त्याला अडीच रुपयाच्या आंतरदेशीय पत्रावर मराठीत उत्तर पाठवलं आणि तेव्हापासून तोही मराठीत लिहायला लागला, आजीला. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण फोनवर ‘हो, बरंय, ठेवतो’ एवढंच बोलणारा पोरगा पत्रात पानभर लिहितो. रात्री टेबल लँडवरून, म्हणजे पाचगणीच्या पठारावरून, वारा येतो तेव्हा खिडकी कशी वाजते, कोण झोपेत बोलतं, कोणाची आई आजारी आहे. घरी असताना यातलं एक वाक्य तो आमच्याशी बोलला नसता. आईने सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवलीत. डिसेंबरच्या एका पत्रात शेवटची ओळ होती, “आज मोजे गरम मिळाले.” ती ओळ मी चार वेळा वाचली.

टाकणार असाल तर जूनआधी एकदा जाऊन लॉन्ड्री बघा आणि ड्रायर समोर चालू करून दाखवायला सांगा. सुती आतले कपडे यादीत असतील त्याच्या दुप्पट द्या. टॉवेल पातळ द्या, जाड टॉवेल तिथे वाळत नाही. आणि सिक रूममधून जी ट्यूब मिळेल तिचं नाव पोराला पत्रात लिहून पाठवायला सांगा.

पहिला हप्ता भरलाय काल. आईने लगेच विचारलं, नंबर तोच राहणार ना? ऑफिसात फोन करून खात्री केली, २१४ च आहे. पट्टी अजून दोन मीटर शिल्लक आहे, लाल दोरा मात्र आणावा लागेल.