मिशनच्या शाळेत सहा वर्षं शिकवलं, कसं असतं ते सांगते

बीएड झाल्या झाल्या एका ख्रिश्चन मिशनच्या इंग्लिश मीडियम शाळेत लागले, मराठवाड्यात त्यांच्या बऱ्याच शाखा आहेत, मी आधी परभणी बाजूला होते मग बीड बाजूला. नाव मुद्दाम लिहीत नाही. पण तिथं लागू का म्हणून लई जणी विचारायल्यात म्हणून हे सविस्तर.

आधी धर्माचं, कारण आमच्या घरी पण पहिला प्रश्न हाच होता, सासूबाईंना वाटायचं तिथं टिकली काढावी लागंल. तसलं काही नाही. टिकली, बांगड्या, उपवास, कुणी कधी हटकलं नाही, आणि गणिताच्या मिसचे रोजे असले की सिस्टर (शाळा चालवणाऱ्या नन) आपण होऊन तिचा शेवटचा तास बदलून द्यायच्या. परिपाठाला प्रार्थना त्यांची असते, बायबलचा तास फक्त ख्रिश्चन लेकरांना, बाकीच्यांना त्या वेळात मूल्यशिक्षण. घटनेच्या कलम २८ मध्येच आहे की मान्यता असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लेकराला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आमच्या दोन्ही शाखांत ते पाळायचे.

बीडच्या शाखेत हॉस्टेल होतं आणि माझे पाचही स्टार त्याच्यासाठी. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात कोणी कर्नाटकात, लेकरू सोबत गेलं की त्याची शाळा सुटलीच म्हणून समजा, तर अशी लेकरं सिस्टर ठेवून घ्यायच्या. रात्रीच्या अभ्यासाला आमची पाळी असायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत पण मला कधी जड गेलं नाही. सहावीतली एक पोरगी पहिला आठवडाभर धड जेवायचीच नाही, सिस्टर तिच्या ताटाजवळ बसून राहायच्या, रागावणं नाही काही नाही. तीच पोरगी मार्चमध्ये मला इंग्रजीत अर्ज लिहून दाखवायली, आई कोप्यावर (ऊसतोडीच्या झोपडीत) आजारी आहे मला दोन दिवस सुट्टी पाहिजे. एकच स्पेलिंग चुकलेलं.

आता पगाराचं. हे नीट वाचा.

नेमणुकीची ऑर्डर ११ महिन्यांची. जून ते एप्रिल, मे महिन्याचा पगार नाही, जूनला परत नवीन ऑर्डर, असं सहाही वर्षं. मे मध्ये दुकानदार थांबत नाही आणि घराचा हप्ता पण थांबत नाही. बीडची बदली तर फोनवर कळली, शाळा उघडायला चार दिवस असताना. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचं, विचारलं तर ऑफिसात म्हणाले तुमची सलग सेवा कुठंय, दरवर्षी ऑर्डर नवीन आहे. शिक्षकांना पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू आहे, २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलंय, म्हणून तर हा मे चा खंड मला अजून सलतो. जे लोक परक्याच्या लेकराच्या ताटाशी तासभर बसतात त्यांनी शिक्षकाला एक महिना उपाशी ठेवू नये, हे मी सिस्टरांना तोंडावर पण बोलले होते, त्या म्हणाल्या निर्णय वरून होतात.

अल्पसंख्याक शाळा आहे म्हणून काहीच कायदा लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा तिथं पण लागतो, हेडमास्तर आणि आणखी जास्तीत जास्त तीन जण नेमायची तेवढी मोकळीक त्यांना वेगळी आहे. कामावरून काढलं तर काढल्याची ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं असतं. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊनच ठेवा, १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं बाकीच्या शाळांना ती बंधनकारक केली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या बेंचकडं पाठवला.

शिकवण्याला पाच, कागदाला एक. इंटरव्ह्यू मार्च-एप्रिलमध्ये होतात, ऑर्डर किती महिन्यांची आणि नेमणूक कोणत्या शाखेवर हे तिथंच विचारा आणि लिहून घ्या, जूनला विचारून उपयोग नाही, तवर दुसऱ्या शाळांतल्या जागा भरलेल्या असतात.