एके-७४एम की एके-१२?

युक्रेन युद्धात रशियन सैनिकांच्या हाती या दोन्ही रायफली दिसतात. गोळी एकच, ५.४५×३९ मिमी, मॅगझिन ३० गोळ्यांचं. नेम धरायला लाल ठिपक्याची साइट मिळणार असेल तरच एके-१२ घ्यावी, कारण तिच्या वरच्या झाकणावरच रेल, म्हणजे साइट बसवायची पट्टी, आहे. ७४एमला डावीकडची पट्टीच काय ती.

साफसफाईत मात्र सोव्हिएत घडणीची जुनी ७४एमच सरस. मागची कळ दाबली की झाकण सुटतं, मग स्प्रिंग, मग बोल्ट कॅरिअर, म्हणजे आतला मागेपुढे सरकणारा भाग. गोळीमागचा वायू नेणारी गॅस ट्यूबही उचलून निघते. २०१८च्या एके-१२ची ट्यूब पक्की बसवलेली. काजळी काढायला पुढचं बूच काढून ब्रश घाला. चिखलात बसून कोण करणार हा खटाटोप?

एके-१२चा खांद्याला टेकवायचा दांडा मागेपुढे सरकतो, ते अंगावरच्या चिलखतावर सोयीचं. दोन गोळ्यांची बर्स्ट, म्हणजे एकदा चाप ओढला की दोन गोळ्या, मात्र निव्वळ हौस. २०२३च्या आवृत्तीत ती काढूनच टाकली.