‘रफीज रिव्हेंज’ : कूलर बंद करून ऐकण्याचा अल्बम

एशियन डब फाउंडेशन या लंडनच्या बँडचा ‘रफीज रिव्हेंज’ (१९९८) मी नागपुरात मे महिन्यातल्या एका दुपारी पहिल्यांदा लावला आणि लगेच चूक लक्षात आली. ज्यावर या संगीताचा सगळा डोलारा उभा आहे तो अनिरुद्ध दास यांचा बास (गिटारचा खर्ज) कूलरच्या घरघरीत पार बुडून गेला होता. कूलर बंद करून, घाम पुसत, पुन्हा पहिल्यापासून ऐकले, तेव्हा शोकेसच्या काचा थरथरू लागल्या आणि सीडीचे पैसे वसूल झाले.

डब हा मूळचा जमैकाचा प्रकार. १९७०च्या दशकात किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी तिथल्या रेगे शैलीच्या गाण्यांतला गायकाचा आवाज बाजूला सारला, ड्रम व बास पुढे आणले आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रतिध्वनी घुमवला. लंडनमध्ये १९९३ साली एका संगीत-कार्यशाळेत शिकवणारे दास, त्यांचे सहकारी जॉन पंडित आणि तिथलाच किशोरवयीन विद्यार्थी दीदार झमान यांनी त्यावर ‘जंगल’ (वेगवान, तुटक ड्रमतालांचे नृत्यसंगीत) आणि रॅप चढवले. इंग्लंडने सुरुवातीला फारशी दखल घेतली नाही. आधी दाद दिली ती फ्रान्सने. तिथे १९९७ साली निघालेल्या अल्बममधली बरीचशी गाणी नव्याने घडवून हा अल्बम तयार झाला आणि त्याला वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीच्या ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

नव्या घडणीत गाण्यांना धार आली, पण जागा आक्रसली, असे माझे मत आहे. स्टीव्ह चंद्रा सावळे यांची गिटार, सगळ्या तारा एकाच सुरात लावलेली असल्यामुळे, तंबोऱ्यासारखी अखंड गुंजत राहते. ती सुंदर आहे, तरी डबला लागणारी मधली शांतता ती बऱ्याचदा गिळून टाकते. उधमसिंगावरचे ‘असॅसिन’ संतापाचा तोल सांभाळते. ‘नक्षलाइट’ची चाल जबरदस्त आहे, परंतु गडचिरोलीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या माणसाला लंडनहून आलेला तो जोश जरा भाबडाच वाटतो.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये, कारण तिथे बास उमटतच नाही. बरे हेडफोन घ्यावेत, किंवा कूलर लावावा लागत नाही अशा डिसेंबरची वाट पाहावी.