गणपतीला लहान मुलांसह गावी: महामार्ग ६६ की कोल्हापूरमार्गे घाट उतरून?

मुंबई-ठाण्याहून सिंधुदुर्गात गाडीने जायचं तर प्रश्न दरवर्षी तोच. पनवेलच्या पळस्पे फाट्यावरून सरळ मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे ६६, धरायचा, की पुणे-सातारा-कोल्हापूर करून घाट उतरायचा? कणकवली धरली तर पहिला रस्ता सुमारे ४५० किलोमीटर. दुसरा सुमारे ४९०: कोल्हापूरपर्यंत ३८० आणि पुढे राधानगरी-फोंडाघाटमार्गे ११० च्या आसपास. एरवी दोन्हीकडे मुलांचे थांबे धरून दहा-अकरा तास लागतात. त्यामुळे किलोमीटर मोजून निर्णय होत नाही. त्रास प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर येतो, ते बघावं लागतं.

खेड, चिपळूण, गुहागरवाल्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. त्यांना ६६ च. कोल्हापूर म्हणजे उगाच वळसा.

६६ वर त्रास सुरुवातीला असतो. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव या पट्ट्यात काम वर्षानुवर्षं रेंगाळलं आहे. त्यात इंदापूर आणि माणगावची बाजारपेठ म्हणजे बाटलीचं तोंड: रिक्षा, एसटी, भाजीवाले आणि आपण, सगळे एकाच रस्त्यावर. पहाटे चारच्या आत निघालात तर हा भाग मुलं झोपेत असतानाच मागे पडतो. सात वाजता निघालात तर माणगावला मुलं जागी, भुकेली आणि गाडी जागच्या जागी. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेडमधली जुनी वळणं टळतात, आणि गाडी लागणाऱ्या मुलांसाठी हा मोठाच फरक आहे. चिपळूणच्या पुढे संगमेश्वर ते लांजा हा भाग पुन्हा अधूनमधून खडबडीत आणि वळवलेला. राजापूर-खारेपाटणनंतर मात्र चौपदरी काँक्रीट लागतं आणि गाडी सरळ पळते. थोडक्यात, मुलं कंटाळतात तोवर रस्ता सुधारलेला असतो.

कोल्हापूरमार्गे नेमकं उलट. द्रुतगती मार्गावर आणि पुढे साताऱ्यापर्यंत दर थोड्या अंतरावर पंप, हॉटेल, बऱ्यापैकी स्वच्छतागृह. लंगोट बदलायला किंवा दूध गरम करून घ्यायला जागा शोधावी लागत नाही. सातारा-कागल रुंदीकरणाचे सेवारस्ते, कराडचा खोळंबा हे आहेच; पण खरी परीक्षा शेवटी. सकाळी सहाला निघालेली गाडी दुपारी तीन-चारला दाजीपूरच्या पुढे उताराला लागते. मुलं दमलेली, पोटात दुपारचं जेवण, बाहेर पाऊस आणि धुकं. उलटी होते ती इथे. अंधार पडल्यावर तर हा घाट मुलांसह नकोच, राधानगरी अभयारण्यातले गवे रस्त्यावर येतात.

म्हणून कोल्हापूरमार्गे जायचं तर मुक्काम करूनच जा. पहिल्या दिवशी ३८०, रात्री कोल्हापूर, सकाळी हलकं खाऊन घाट, आणि दुपारच्या जेवणाला घरी. एका दिवसात रेटायचं असेल तर ६६ बरा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोल्हापुरातली खोली आधी नोंदवलेली हवी.

घाट कोणता, ते गावावर ठरतं. कणकवली-मालवणला फोंडाघाट. वैभववाडी-तळेऱ्याला गगनबावड्याहून करूळ. पण तिथे दरड कोसळून रस्ता बंद पडणं नवं नाही, निघायच्या सकाळी गावी फोन करून विचाराच. सावंतवाडी-दोडामार्गला संकेश्वर-आजरा-आंबोली, पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्या आडव्यातिडव्या उभ्या असतात, तो दिवस टाळा. रत्नागिरी-लांज्याला आंबा घाट आहे, पण मुंबईहून त्यासाठी कोल्हापूर गाठण्यात फारसा अर्थ नाही.

गाडी का लागते? कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणं जाणवतात, आणि डोळे मोबाइलच्या स्थिर पडद्यावर असतात. मेंदूला दोन्हीचा मेळ लागत नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हे सर्वांत जास्त होतं, तान्ह्या बाळांना सहसा नाही. घाट सुरू होण्याआधी १५ मिनिटं मोबाइल बंद आणि नजर समोरच्या रस्त्यावर. दूध, तेलकट वडापाव, फळांचा रस दोन तास आधीपासून नको. रिकामं पोटही नको. कोरडी पोळी, चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू चालतो. एसीची आतलीच हवा फिरवणारी कळ बंद करून बाहेरची हवा घ्या. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेक दाबल्याने ब्रेक तापतात आणि प्रत्येक झटक्याला मुलाचं पोट ढवळतं. गोळी किंवा सिरप वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावं, आणि ते उलटी सुरू झाल्यावर नाही, घाटाच्या अर्धा-एक तास आधी द्यायचं असतं. दोन पिशव्या एकात एक घातलेल्या, ओला रुमाल आणि कपड्यांचा एक जोड पायापाशी ठेवा. डिकीत मखर आणि नारळांच्या खाली गेलेला फ्रॉक ऐनवेळी सापडत नाही.

बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेणं दोन्ही रस्त्यांवर चूकच. एअरबॅग फुटली तर बाळ तिच्या आणि आपल्यामध्ये सापडतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १००० रुपये दंडही आहे. आसनात बसलेल्या तान्ह्याला दर दोन तासांनी बाहेर काढून आडवं करा.

गणेशोत्सवात चाकरमान्यांना टोलमाफीचा पास मिळतो, तो परिवहन कार्यालयातून किंवा पोलिसांकडून आधीच घ्या, परतीलाही चालतो. कोल्हापूरमार्गे टोलनाके जास्त, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग अधिक. नाक्यावर पास आधी दाखवा, नाहीतर फास्टॅगमधून पैसे कापले जातात.

मोटार रेल्वेवर चढवून न्यायची सोय कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी सुरू केली. पण एका मोटारीमागे तीनच माणसं, आणि कोलाडपर्यंतचा कटकटीचा रस्ता चालवायचाच!

चतुर्थीच्या आधीच्या दोन दिवसांत निघणार असाल आणि गाव कणकवलीच्या दक्षिणेला असेल, तर कोल्हापूर मुक्कामासह. चार-पाच दिवस आधी निघता येत असेल, तर पहाटे चार आणि ६६. परतीला गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ६६ वर सगळी मुंबई एकदम निघते. शाळेची एक दांडी परवडत असेल तर एक दिवस थांबून निघा.